न आलेला तंबू

आधी आवाज यायचा. लांब कुठेतरी खाणीत सुरुंग उडावा तसा, पण तो कानांपेक्षा तळपायांना जास्त कळायचा. मग मांडणीवरची भांडी वाजायची, कौलं खडखडायची, आणि आपण ‘काय झालं’ म्हणेपर्यंत सगळं थांबलेलं असायचं. २०१८ची दिवाळी होऊन गेली आणि आमच्या तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात हे सुरू झालं. पहिल्या काही वेळा आम्ही खाणवाल्यांनाच शिव्या दिल्या. भूकंप दुसऱ्यांकडे होतात, पेपरात येतात, अशी आमची समजूत होती.

माझं माहेर डहाणूचं, स्टेशनजवळचं. सासर तलासरीच्या बाजूला, हायवे सोडून आत असलेल्या एका पाड्यावर. थोडी भातशेती, अंगणात आंबा, विटांच्या भिंतींचं कौलारू घर. नवरा सीमेपलीकडे गुजरातमधल्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात कामाला होता, त्याची पाळी बदलत राहायची. मी घरीच शिवणकाम करायची. तिसरे माझे सासरे. त्यांना मी बाबा म्हणायची. आदल्या वर्षी त्यांना लकवा मारला होता आणि अंगाची डावी बाजू गेली होती. बोलणं जड झालं होतं, डोकं मात्र शाबूत होतं. शरीराने ते थोराड, आयुष्यभर नांगर धरलेला माणूस. त्यांना खाटेवरून खुर्चीत बसवायला नवरा आणि मी, दोघंही लागायचो.

जमीन हलली की पाड्यावरचे सगळे धावत अंगणात यायचे. आमच्या घरात एक माणूस असा होता की त्याला धावता येत नव्हतं. माझी भीती तिथून सुरू झाली.

जानेवारीतली एक सकाळ मला अजून जशीच्या तशी आठवते. नवरा पहिल्या पाळीला गेला होता. मी भाकरी तव्यावर टाकली आणि तो आवाज आला. पाठोपाठ जो हादरा बसला तो आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा होता. आतल्या खोलीत कौल पडून फुटल्याचं मला ऐकू आलं. मी आत धावले. बाबांच्या छातीवर कौलाची माती पडली होती.

“बाबा, चला, चला,” म्हणत मी त्यांच्या काखेत हात घालून ओढायला लागले. ते अर्धे खाटेवर, अर्धे माझ्या अंगावर आले आणि तिथेच अडकले. मला पुढे ओढता येईना, मागे ठेवता येईना.

“तू जा,” ते म्हणाले.

“नाही, तुम्ही जरा पाय उचला.”

“जा म्हणतो ना!”

मी त्यांच्या डोक्यावर ओणवी झाले आणि डोळे मिटून घेतले. थांबलं तेव्हा खिडकीच्या कोपऱ्यापासून वरपर्यंत भिंतीला तडा गेलेला होता, आत नख जाईल एवढा. शेजारच्या काकी हाका मारत आत आल्या तेव्हाही मी बाबांना तशीच धरून बसले होते. काकींनी माझी बोटं एकेक करून सोडवली.

त्या दिवसापासून आम्ही बाबांची खाट अंगणात आणली. चार बांबू रोवून वर निळं प्लास्टिक बांधलं. पण थंडी होती. पहाटे दव असं पडायचं की गोधडी पिळावी. वाऱ्याने प्लास्टिक फडफडायचं आणि बाबांना झोप लागायची नाही. आठवडाभरात त्यांचा खोकला छातीत उतरला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “यांना दवात ठेवू नका. न्यूमोनिया झाला तर या अंगाला झेपायचा नाही.”

आत भिंत होती, बाहेर दव होतं. मधे काहीतरी हवं होतं.

तंबूची जाहिरात मला फोनवर दिसली. हिरवा, उंच, आत खाट मावेल असा, चारी बाजूंनी चेनने बंद होणारा. फोटोत डोंगरापुढे तो उभा केलेला होता आणि दारात एक हसरं कुटुंब बसलं होतं. फोनवरून वस्तू मागवणं मला नवीन नव्हतं. लेस, चेन, बटणं मी तशीच मागवायची आणि ती व्यवस्थित यायची. पाड्यावर पार्सल येणारं घर आमचंच, त्याचा मला थोडा अभिमानही होता. हा विक्रेता नेहमीच्या अॅपवरचा नव्हता, त्याच्याशी व्हॉट्सअॅपवरच बोलायचं होतं. मागणी खूप आहे म्हणून पैसे आधी भरा, असं त्याने सांगितलं. त्याने पाठवलेल्या लिंकवर कार्डाचा नंबर टाकून मी भरले. लगेच हात जोडल्याचं चित्र आलं आणि खाली ‘ऑर्डर कन्फर्म’.

बाबांना सांगितल्यावर त्यांनी चौकशी केली.

“रंग कसला?”

“हिरवा.”

“खिडकी हाय?”

“आहे बाबा. जाळीची.”

“मग चालंल,” ते म्हणाले, आणि रोज सकाळी चहा घेताना रस्त्याकडे बघायला लागले.

तंबू आला नाही. मी मेसेज केला की तो वाचल्याच्या दोन निळ्या खुणा यायच्या, उत्तर यायचं नाही. फोन केला की वाजून वाजून बंद व्हायचा. मी पैसे भरल्याच्या मेसेजचा फोटो पाठवला, हात जोडले, रागावून लिहिलं, पुन्हा हात जोडले. पलीकडे कोणीतरी माझं सगळं वाचत होतं आणि गप्प बसलं होतं. जमीन मधूनमधून हलतच होती. शाळेतली मुलं झाडाखाली बसायला लागली होती. एका दुपारी दोनदा हादरे बसले. त्यानंतर मी अंगणातच उकिडवी बसून त्या माणसाला एक लांबलचक मेसेज लिहिला, हिंदीत. घरात लकवा मारलेले सासरे आहेत, त्यांना उचलता येत नाही. पती ड्यूटीवर असतात, मी एकटीच असते. भिंतीला तडा गेला आहे. घर हायवेपासून आत कुठे आहे, कोणत्या वळणावर आहे, तेही लिहिलं, म्हणजे पार्सलवाल्याला सापडेल. भाऊ, दया करा, असं शेवटी लिहिलं.

दोन निळ्या खुणा आल्या. दुसऱ्या दिवशी फोन वाजला.

आवाज पुरुषाचा, मऊ, सभ्य. “मॅडम, आपका टेंट अच्छाड में अटका है. गाडी चेकपोस्ट पे खडी है.”

मला रडू यायचंच बाकी होतं. अच्छाड म्हणजे आमच्याच हायवेवर, ट्रकांच्या रांगा लागतात तो सीमेवरचा नाका. इतक्या जवळ आला होता तंबू! मी बाबांना खुणेने सांगितलं, आला, आला.

“मोबाइल पे अभी एक नंबर आया होगा,” तो म्हणाला. “वो बोल दो, गाडी छूट जाएगी.”

मी बघितलं. नंबर आला होता, ओटीपी, पण बँकेकडून, आणि खाली लिहिलं होतं की हा कोणालाही सांगू नका.

“हा तर बँकेचा आहे. गाडी सोडवायला बँकेचा नंबर कशाला?”

“सिस्टम है मॅडम.”

“मग असं करते, मीच येते अच्छाडला. माझ्या हाताने घेऊन जाते.”

तो त्याच मऊ आवाजात म्हणाला, “आप कैसे आओगी? घर में बीमार ससुरजी हैं. पती तो ड्यूटी पे है. दीवार भी फटी हुई है. सोच लो.”

माझीच वाक्यं तो मला ऐकवत होता. मी फोन कापला. तो पुन्हा वाजला, मी उचलला नाही. परत वाजला. न उचलावा तरी भीती वाटत होती, म्हणून उचलला.

“नंबर नहीं देना है तो मत दो,” तो म्हणाला. “पता है हमारे पास. टेंट लेके हम खुद आ जाते हैं. दो-चार लोग.”

आणि फोन त्यानेच ठेवला.

नवऱ्याने त्या संध्याकाळी घरी येताना अच्छाडला उतरून चौकशी केली. ढाब्यांवर विचारलं, पार्सलच्या गाड्या थांबतात तिथे विचारलं. असं कुठलंही पार्सल नव्हतं, अडकलेली गाडी नव्हती. दुसऱ्या दिवशी काकींना बाबांजवळ बसवून आम्ही दोघं आधी बँकेत गेलो, कार्ड बंद केलं, मग पोलिसांकडे गेलो. तिथे एक महिला हवालदार होत्या. शांतपणे त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुम्ही त्यांना काय काय लिहिलं होतं, ते वाचून दाखवा बरं.”

तो लांबलचक मेसेज मी मोठ्याने वाचला. नवरा शेजारी खाली मान घालून बसला होता. एकटीच असते, हे वाक्य मी घाईने वाचून टाकलं.

“घाबरू नका,” हवालदार म्हणाल्या. “ही माणसं कुठेतरी लांब बसून फोन करतात. घरी येत नाहीत कधी. त्यांना फक्त तो नंबर हवा असतो.”

त्यांचं म्हणणं मला पटलं. पण पटून भीती कुठे जाते? आमचं वळण, आमचं फाटक, दुपारचं रिकामं घर, सगळं त्या माणसाला ठाऊक होतं. त्याआधी भीती फक्त खालून यायची. आता ती रस्त्यावरूनही यायला लागली. हायवेवरून आत वळणाऱ्या प्रत्येक मोटरसायकलचा आवाज मी ओळखायला लागले. हा ग्रामसेवकाचा, हा दूधवाल्याचा, आणि हा कोणाचा? अनोळखी आवाज आला की शिवण अर्धी टाकून मी दाराआड उभी राहायची. नवऱ्याला म्हणाले, रजा घ्या. तो म्हणाला, किती दिवस घेऊ?

काकींना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून कोयता घराच्या दाराशी ठेवायला लागल्या. “येऊं दे,” म्हणाल्या, “दोन येऊं दे नायतर चार येऊं दे. एक हाक मार फक्त.”

बाबांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. पण अंगणात खाटेवर पडून राहणाऱ्या माणसापासून काय लपणार? रस्त्याकडे बघणं त्यांनी बंद केलं होतं.

त्यानंतर किती दिवस गेले आठवत नाही. दुपार होती. ऊन तापलं म्हणून बाबांनी आत जायचा हट्ट धरला. जेवायला घरी आलेल्या काकींच्या मुलाने आणि मी त्यांना आत नेऊन झोपवलं. तो परत कामावर गेला. मी ओट्यावर ब्लाऊजला काजं करत बसले होते. मोटरसायकल वळली. आवाज ओळखीचा नव्हता.

ती आमच्याच फाटकाशी थांबली. हेल्मेट घातलेला माणूस, पाठीवर भलीमोठी काळी बॅग. त्याने माझं नाव घेतलं, पूर्ण, आडनावासकट.

“तुम्हीच का?”

मी उठून उभी राहिले. “कोण तुम्ही?”

“पार्सल आहे, ताई. डहाणूहून आलो.”

“कसलं पार्सल?”

“ते मला कसं माहीत असणार? बंद आहे.” बॅगेतून त्याने उशीएवढा पुडा काढला. त्यात तंबू मावणं शक्य नव्हतं. मी त्याच्या मागे रस्त्याकडे पाहिलं, आणखी कोणी आहे का. तो फाटक लोटून दोन पावलं आत आला.

“ओटीपी सांगा, म्हणजे देतो.”

तो शब्द ऐकला आणि मी किंचाळले. माझ्या तोंडून असा आवाज निघू शकतो हे मला तेव्हा कळलं. काकी कोयता घेऊन धावत आल्या. पलीकडच्या घरातल्या दोघी आल्या. त्या माणसाने घाईघाईने हेल्मेट काढलं. तिशीच्या आतला, घामाघूम, चेहरा पांढराफटक पडलेला.

“अवो काकी, काय केलं मी?” तो मागे सरत म्हणाला. “मी सायवन गावचा आहे, इथलाच. हे बघा, कार्ड बघा माझं.”

“सायवनला कोणाचा तू?” काकी ओरडल्या. “बापाचं नाव सांग!”

तो सांगायला लागला आणि तेवढ्यात जमिनीखालून तो आवाज आला.

सगळ्या बायका मागे पळाल्या. मी घरात धावले. ओट्यावर पाय टेकला तेव्हा जमीन बाजूला सरकल्यासारखी झाली आणि मी चौकटीवर आपटले. आत मातीचा धुरळा उडाला होता. बाबा खाटेवर उजव्या हाताने भिंतीचा आधार शोधत होते, त्याच तडकलेल्या भिंतीचा. मी त्यांच्या काखेत हात घातला. या वेळी ते मला जा म्हणाले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत होते.

मग कोणीतरी मला बाजूला केलं. तो पार्सलवाला होता. गुडघा टेकून त्याने पाठ खाटेला लावली.

“ताई, ढकला त्यांना माझ्यावर. बाबा, मान धरा माझी, मान!”

मी ढकललं. बाबांनी एका हाताने त्याची मान आवळली. तो उठताना एकदा कोलमडला, मी मागून रेटलं, आणि आम्ही तिघं असे एकमेकांना चिकटून दाराबाहेर पडलो. मागे ओट्यावर कौलं पडल्याचा आवाज झाला. अंगणातल्या पेंढ्यावर आम्ही बाबांना टेकवलं.

आता जमीन थांबली होती. तो माणूस तिथेच मातीत बसला, पाय पसरून, दोन्ही हात जमिनीवर दाबून. त्याचे खांदे उडत होते. थोड्या वेळाने त्याला काहीतरी आठवलं आणि तो फोन काढून अंगणभर फिरायला लागला.

“नेटवर्क नाही. घरी बायको एकटी आहे. आमच्याकडे पण हेच चाललंय ना.”

काकींनी कोयता आंब्याला टेकवला आणि कमरेचा फोन काढून त्याला दिला. त्यावरून लागला. पलीकडून बाईचा आवाज आला तसा तो आमच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि बराच वेळ नुसता “हां, हां” म्हणत राहिला.

काकींनी चहा केला. तो प्यायला, बाबांना पाणी पाजलं, आणि मग संकोचून पुड्याकडे बघत म्हणाला, “ताई, मी विचारत नाही. तुम्हीच टाका आकडा.” त्याने यंत्र माझ्यापुढे धरलं. पहिल्यांदा चुकला, मी पुन्हा टाकला. पुड्यात लेस आणि चेन होत्या, तंबूच्या आधी केव्हातरी मागवलेल्या. मी विसरूनही गेले होते.

तो निघाला तेव्हा बाबांनी त्याला खुणेने जवळ बोलावलं आणि जड जिभेने विचारलं, “तंबू?”

त्याला काही कळलं नाही. “नाही बाबा,” तो म्हणाला, “एवढंच होतं.”

पुढच्या सुट्टीला नवरा आणि काकींचा मुलगा कामाला लागले. प्लास्टिक काढलं, अंगणात बांबूचा सांगाडा उभा केला, कारवीच्या काटक्यांचा कूड घातला, तो शेणामातीने लिंपला, वर पेंढा टाकला. पडली तरी काडीच पडेल अशी खोपी. दव आत येत नव्हतं. बाबांचा खोकला हळूहळू उतरला. पाऊस लागेपर्यंत आम्ही तिघं तिथेच झोपलो. हादरे येत राहिले, कमी-जास्त. खोपी करकरायची आणि पुन्हा उभी राहायची. पैसे परत आले नाहीत, येतील असं कोणी म्हटलंही नव्हतं.

होळीच्या सुमाराला मला तीच जाहिरात पुन्हा दिसली. विक्रेत्याचं नाव वेगळं, तंबू तोच, डोंगर तोच, दारात तेच हसरं कुटुंब. खाली कुठल्यातरी बाईने विचारलं होतं, माल खरंच येतो का? मी बराच वेळ ते बघत बसले. मी लिहिलं तर तो मला ओळखेल, असं वाटत होतं. शेवटी लिहिलं, ताई, येत नाही, पैसे देऊ नका. थोड्या वेळाने बघते तर माझं वाक्य तिथून गायब. मग मी त्या बाईलाच वेगळा मेसेज केला. तिने धन्यवाद म्हटलं.

त्याच दुपारी अनोळखी नंबरवरून फोन वाजला. मी तो हातातही धरू शकले नाही, बाबांच्या खाटेवर टाकला. वाजून बंद झाला, पुन्हा वाजायला लागला. बाबांनी उजव्या हाताने उचलला आणि मी करते तसं त्या हिरव्या खुणेवर बोट ओढलं.

“हॅलो,” ते म्हणाले. पलीकडून काहीतरी बोलणं आलं. बाबांनी ऐकून घेतलं. मग एकेक शब्द जोर लावून बाहेर काढावा तसं म्हणाले, “तंबू आन. मी घरीच हाय.”

बाबांनी पुन्हा तेच सांगितलं, त्याहून मोठ्याने. फोन कापला गेला.

“कोण होतं, बाबा?”

“काय म्हाईत.” त्यांनी फोन माझ्यापुढे केला. “परत आला तर मला दे.”

तो माणूस कोण होता हे मला कधीच कळलं नाही. ब्लाऊज शिवायला टाकायला कोणीतरी केलेला फोनही असेल. बाबा उशीला टेकून निवांत पडले. मी फोन बंद केला, घरात नेऊन पिठाच्या डब्यात खोल खुपसला आणि नवरा कामावरून येईपर्यंत डब्याचं झाकण उघडलं नाही.